मालिशला रडतं तरी मालिश चुकत नाही, मग दातांचंच का? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की बाळाचा पहिला दात दिसला त्या दिवसापासून ब्रश सुरू करा, आणि त्यावर अमळनेर, शिरपूर, भुसावळ, शहादा, सावदा, सगळीकडून इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. जवळपास प्रत्येकीचं म्हणणं एकच, ताई सांगायला सोपं आहे, पोरगं तोंड उघडेल तर ना. म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय, त्यात बऱ्याच जणींची उत्तरं येऊन जातील.

प्रश्न : ताई नमस्कार, माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे, वर चार खाली चार असे आठ दात आलेत. तुमचं वाचून मी लगेच बोटात घालायचा रबरी ब्रश आणला, पहिले दोन दिवस त्याने चावून चावून खेळ केला, तिसऱ्या दिवसापासून ब्रश दिसला की तोंड घट्ट बंद, मान इकडून तिकडे, आणि धरून केलं की असा आकांत की शेजारच्या काकू विचारायला येतात काय झालं म्हणून. सासूबाई म्हणतात, "दूधना दात शेतस, पडीच जातस, कशाले पोऱ्याले रडावस?" मिस्टर म्हणतात मोठा झाला की शिकेल. रात्री तो अंगावर पितापिताच झोपतो त्यामुळे रात्रीचा तर विषयच नाही, आणि सकाळी माझी शाळा, डबा, सगळी पळापळ. रूटीन बसवायचं म्हणजे नेमकं कधी आणि कसं? आणि रडवून ब्रश करणं बरोबर आहे का, त्याच्या मनात भीती नाही ना बसणार? : एक शिक्षिका आई, अमळनेर

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण गाडी तिथेच अडलीय. तुझं बाळ महिना-दीड महिन्याचं होतं तेव्हा मालिशवाली मावशी यायची ना? पायावर पालथं टाकायचं, तेल चोळायचं, मग गरम पाण्याची अंघोळ, शेक. (धुरी पण दिली असेल, ती मात्र नको, धूर बाळाच्या छातीला वाईटच.) किती रडलं असेल ते तेव्हा! पण घरात कोणी म्हणालं का की रडतंय तर आज राहू दे, मोठा झाला की करेल अंघोळ? उलट सासूबाईच म्हणाल्या असतील रडू दे, आता बघ कसा गाढ झोपतो ते. आणि झोपायचाच. त्या रडण्याने अंघोळीची भीती बसली का? आज तोच पोऱ्या बादलीतलं पाणी उडवत अख्खी मोरी ओली करत असेल. कारण रोज तीच वेळ होती, तोच पाट होता, तेच हात होते, रडला तरी काम पूर्ण व्हायचं आणि झाल्याझाल्या टॉवेलात गुंडाळून तू त्याला छातीशी धरायचीस.

ब्रशच्या बाबतीत आपण नेमकं याच्या उलटं करतो. एक दिवस करतो, दोन दिवस विसरतो, कधी किचनमध्ये कधी बेसिनपाशी, आज आई तर उद्या आत्या, आणि पोरगं रडलं की लगेच ब्रश बाजूला. मग त्याला काय कळतं, की रडलं की हे बंद होतं. दुसऱ्या दिवशी तो जास्त जोरात रडतो, आणि त्याच्या हिशोबाने ते बरोबरच आहे ना. म्हणून माझं सांगणं एवढंच की दात घासणं हे मालिश-अंघोळीच्या रांगेत नेऊन बसव. बाळाला विचारून करायची गोष्ट ही नाहीच, रोजची आहे, थोडक्यात आटपायची, आणि झाल्यावर जवळ घ्यायचं.

पण एक बघ, रडणं दोन तऱ्हेचं असतं. नको म्हणून रडणं वेगळं आणि दुखलं म्हणून रडणं वेगळं, आणि तिसऱ्या दिवशी अचानक तोंड बंद करायला लागला म्हणतेस त्यावरून मला शंका येतेय की त्याला कुठेतरी लागलंय. आज तो झोपला की वरचा ओठ हलकेच बोटाने उचलून बघ, अगदी मधोमध ओठाला आणि हिरडीला जोडणारी एक बारीक पातळ पट्टी दिसेल, दोऱ्यासारखी. बऱ्याच बाळांची ती चांगली खालपर्यंत, दातांच्या जवळ आलेली असते. ब्रशची कड त्या पट्टीला लागली की जबरदस्त झोंबतं, आपल्यालाही झोंबेल, आणि बाळ ते विसरत नाही. उपाय एकदम सोपा आहे, डाव्या हाताचं पहिलं बोट आडवं त्या पट्टीवर ठेवायचं म्हणजे ओठही वर उचलला जातो आणि पट्टीही झाकली जाते, आणि ब्रश बोटाच्या खालून फिरवायचा. नुसत्या या एका बोटाने शांत झालेली कितीतरी बाळं मी बघितलीत.

दुसरं म्हणजे तो रबरी ब्रश आता राहू दे. दोन-तीन दात असतात तोवर ठीक, पण आठ दात आल्यावर त्याने दातांची कड आणि हिरडीजवळचा भाग नीट निघत नाही, आणि तो तुझ्या बोटाला चावणार ते वेगळं. लहान डोक्याचा मऊ केसांचा बाळांचा ब्रश आण, आणि एक नाही दोन आण. एक त्याच्या हातात द्यायचा, चावू दे, खेळू दे, पण बसवून, तोंडात ब्रश घेऊन चालू पळू द्यायचं नाही, पडला तर तोंडातल्या टाळूला लागतं. दुसरा तुझ्या हातात, कामाचा.

आता कसं धरायचं. समोर उभं करून किंवा कडेवर घेऊन करायला गेलीस तर मान फिरवायला त्याला मोकळं रान मिळतं आणि तुला आतलं काही दिसत नाही. खाटेवर किंवा सतरंजीवर मांडी घालून बस, त्याला उताणं झोपवून डोकं तुझ्या मांडीत घे, त्याची टाळू तुझ्या पोटाकडे, पाय पलीकडे, म्हणजे तू वरून वाकून बघशील, तोंड आपोआप थोडं उघडतं आणि मान दोन मांड्यांच्या मध्ये स्थिर राहते. सुरुवातीचे दिवस दोघं लागतील. मिस्टरांना समोर गुडघ्याला गुडघा लावून बसव, बाळाची कंबर आणि पाय त्यांच्या मांडीवर, त्याचे दोन्ही हात त्यांनी प्रेमाने धरायचे, डोकं तुझ्याकडे. आम्ही क्लिनिकमध्येही लहान बाळाला असंच तपासतो. रडताना तोंड उघडतं ना, तेव्हा ब्रश करायला सगळ्यात चांगलं दिसतं, त्यामुळे रडला की हात मागे घेऊ नकोस, आवाज शांत ठेव आणि उरकून टाक. आठ दातांना अर्धं-पाऊण मिनिट पुरतं. हिरडी आणि दात जिथे भेटतात ती रेघ महत्त्वाची, घाण तिथे बसते, तिथे ब्रश जरा तिरपा धरून छोटे छोटे गोल.

सासूबाईंचं म्हणणं. दुधाचे दात पडतात हे खरंच आहे, पण सगळे एका वेळी नाही पडत. पुढचे साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडतात आणि मागच्या दुधाच्या दाढा पार १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या पोराच्या दाढेला कीड लागली तर त्या दाढेवर त्याने पुढची आठ-नऊ वर्षं काढायचीत, भाकरी त्यावरच चावायचीय. शिवाय ती दाढ खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून बसलेली असते, ती लवकर काढावी लागली की शेजारचे सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो. आणि दुखणं ते काय सांगू, तीन वर्षांचं पोर रात्री दोन वाजता गाल धरून रडतं, त्याला धड सांगताही येत नाही काय होतंय ते. पण हे सगळं भाषण सासूबाईंना देऊ नकोस. त्यांना काम दे. त्या जवळ बसल्या, मोबाईलचा टॉर्च धरला आणि त्याच्याशी अहिराणीत गप्पा मारल्या तर तो तुझ्यापेक्षा त्यांचं ऐकेल. हा दात वरणवाला, हा बट्टीवाला, हा कोणता राहिला रे भो, असं एकेक दात मोजत गेलं की त्याचं लक्ष तिकडे जातं. आजीच्या तोंडचं एकच गाणं ठरवून टाका, ते फक्त ब्रशच्या वेळी म्हणायचं, गाणं संपलं की ब्रश संपला. बाळाला वेळ कळत नाही पण गाणं संपत आलं हे बरोबर कळतं.

कधी करायचं विचारलंस. दिवसातून दोनदा, पण दोन्हींतून एकच जमणार असेल तर रात्रीचं धर. झोपेत तोंडातली लाळ कमी होते, दिवसा लाळ दात धूत असते ते काम रात्री थांबतं, त्यामुळे जे काही दातावर चिकटलेलं असतं ते रात्रभर तिथेच आंबत राहतं. तुझ्या घरी आत्ता क्रम असा आहे, जेवण, दूध, झोप. तो हळूहळू असा करायचा, जेवण, दूध, ब्रश, मग थोपटणं. पहिल्या दिवशीच दूध तोडायला जाऊ नकोस, घरात रडारड होईल आणि तूच सोडून देशील. पहिला आठवडा फक्त दुधाच्या आधी ब्रश कर, दूध पीत झोपला तरी चालेल. मग दूध रोज थोडं थोडं अलीकडे घे, अंधारात झोपायच्या खोलीत पाजण्याऐवजी दिवा लावून बाहेर बसून पाज, पेंगायला लागायच्या आत थांबव, ब्रश कर आणि नंतर पाठीवर थोपटून झोपव. थोपटायचं काम शक्यतो मिस्टरांनी करायचं कारण तुझ्याजवळ आला की त्याला दूधच आठवणार. अंगावरचं दूध बंद कर असं मी मुळीच म्हणत नाहीये, दोन वर्षं आणि पुढेही पाज, फक्त वर्षानंतर, दात आल्यावर, रात्रभर तोंडात धरून झोपणं कमी करायचंय. मध्यरात्री उठलाच आणि पाजावंच लागलं तर नंतर ओल्या मऊ फडक्याने दात पुसून घे, त्या झोपेत होतं ते काम. सकाळचा ब्रश अंघोळीच्या पाटावर बसवून टाक, तू शाळेत गेलेली असलीस तर ते खातं सासूबाईंचं.

खातं ठरवणं का म्हणते ते माझ्या घरातलं सांगते. माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा होता, मी संध्याकाळचं क्लिनिक करून साडेनऊला घरी यायचे, तोवर तो झोपलेला असायचा. मला वाटायचं आईंनी ब्रश केला असेल, आईंना वाटायचं बाबांनी केला असेल, बाबांना वाटायचं ही स्वतः दातांची डॉक्टर आहे, हिने सकाळी व्यवस्थित केलंच असेल. घरात पाच मोठी माणसं. एका रविवारी वरण-बट्टी खाल्ल्यावर त्याचं तोंड पुसताना वरचा ओठ उचलला तर पुढच्या दोन दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ, म्हणजे कीड लागायची सुरुवात. मला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाकलं, रात्रीचा ब्रश बाबा, आणि ब्रश झाला की त्या तारखेवर पेनने टिक. टिक नसेल तर मी साडेनऊला आल्यावर झोपेत करायचे. रेघ तिथेच थांबली, पुढे खड्डा झाला नाही. म्हणून सांगते, एका वेळेला एकच माणूस जबाबदार, नाव घेऊन.

आणि एक, आता रूटीन बसेल आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेलीस की मोडेल, हे मी दरवर्षी बघते. मामाकडे सगळे लाड, दिवसभर आमरस, रात्री गच्चीवर झोपायचं, आणि ब्रश सासरी राहिलेला. माहेरचा ब्रश वेगळा घेऊन ठेव, आणि गच्चीवर जाताना पाण्याच्या तांब्यासोबत ब्रश, पेस्ट आणि छोटं फडकं एका डब्यात घालून ने. जागा बदलली तरी क्रम तोच ठेवायचा, दूध, ब्रश, झोप, आणि गाणं तेच. माझ्या अनुभवात नेमाने केलं तर दोन-तीन आठवड्यांत रडणं बरंच कमी होतं, काही पोरं मग स्वतः डोकं मांडीत आणून टाकतात. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत मात्र शेवटचा हात तुझाच फिरला पाहिजे, स्वतःचे दात स्वतः नीट घासायची सफाई त्याआधी मुलांच्या हाताला नसते.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी ११ महिन्यांची आहे, खाली दोन वर दोन दात आहेत. मेडिकलवाल्याने बाळांची पेस्ट दिली त्यावर फ्लोराईड नाही असं लिहिलंय, मोबाईलवर एका व्हिडिओत सांगतात फ्लोराईड विष आहे, दुसऱ्यात सांगतात तेच पाहिजे. ती पेस्ट गिळते, थुंकता येत नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं पण आहे. काय करावं? : रेल्वेत नोकरीला असलेले एक बाबा, भुसावळ

उत्तर : भाऊ, पेस्टमध्ये कीड रोखायचं काम करतं ते फ्लोराईडच, ते काढलं तर उरतो फेस आणि चव. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराईड टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलीय. प्रश्न किती हा आहे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या एका दाण्याएवढी, आणि बासमतीचा लांब दाणा नको, आपला साधा कोलमचा दाणा डोळ्यांसमोर ठेवा. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात ती मुलांसाठी तर मुळीच नाही. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात पीपीएम, म्हणजे फ्लोराईडचं प्रमाण, लिहिलेलं असतं, १००० च्या आसपास बघा. दाण्याएवढ्या पेस्टमधून साधारण ०.१ मिलिग्रॅम फ्लोराईड जातं, ते गिळलं तरी बाळाला काही होत नाही, त्यामुळे थुंकता येत नाही याचं टेन्शन घेऊ नका, वरचा फेस फडक्याने टिपला की झालं. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी, आणि तेव्हा थुंकायला शिकवायचं, पण खळखळून गुळण्या करायला लावायच्या नाहीत, थोडी पेस्ट दातावर राहिलेली चांगलीच. पेस्ट ब्रशच्या केसांत बोटाने दाबून टाका म्हणजे बाळ ती वरच्या वर चाटून घेत नाही. आणि ट्यूब नेहमी वरच्या फळीवर, गोड लागते म्हणून पोरं अख्खी पिळून खातात, ते मात्र चांगलं नाही.

पाण्याचं असं आहे की खारेपणा आणि फ्लोराईड या दोन वेगळ्या गोष्टी, तापी-पूर्णेच्या पट्ट्यात खारं पाणी बऱ्याच ठिकाणी आहे पण खारं म्हणजे फ्लोराईडवालं असं नाही, आणि गोड लागणाऱ्या बोअरमध्येही फ्लोराईड जास्त निघू शकतं, जिभेला ते कळत नाही. तपासूनच कळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासतात, गावात असाल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर निघालं तर बाळाचं प्यायचं आणि पेज शिजवायचं पाणी बदला, आणि पेस्ट किती वापरायची ते रिपोर्ट दाखवून डेंटिस्टला विचारा.

तुमची ड्युटी शिफ्टची असेल, तर ज्या दिवशी नाईट नाही त्या दिवशी रात्रीचा ब्रश तुमच्याकडे घ्या. बाबांकडून मुली कमी रडतात असं मी बघितलंय.

प्रश्न : ताई, आमच्या घरी आजेसासू रोज मिसरी लावतात. बाळाला दात येताना हिरड्या सळसळतात म्हणून त्या बोटावर जराशी मिसरी घेऊन बाळाच्या हिरडीला चोळतात, मी बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. बोलले तर म्हणतात आम्ही सहा पोरं अशीच वाढवली. बाळ ७ महिन्यांचं आहे, चोळल्यावर शांत झोपतं हे खरं आहे. : एक सून, शिरपूर तालुका

उत्तर : आजच थांबव. वाईटपणा आला तरी चालेल, पण आजच. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेला तंबाखू, आणि हिरडीतून निकोटिन सरळ रक्तात जातं. ७ महिन्यांच्या बाळाचं वजन किती, सात-आठ किलो, मोठ्या माणसाला किक देणारी चिमूट त्या अंगाला किती होते विचार कर. ते शांत झोपतं म्हणतेस, ती झोप नाही गं, ती गुंगी असू शकते. कधी चोळल्यावर उलटी झाली, खूप लाळ गळायला लागली, अंग ढिलं पडलं, घाम फुटला, नीट जागं होत नाही असं वाटलं तर घरगुती काही देत बसू नकोस, सरळ दवाखान्यात पळ, आणि तिथे मिसरी चोळली होती हे लपवू नकोस. टूथपेस्ट-मंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, तरी घरोघरी तव्यावर भाजली जाते आणि लहान डबीत भरून कनवटीला असते.

आजींना मात्र दुखवू नकोस, त्यांची माया खरी आहे, हात फक्त चुकीच्या डबीत जातोय. त्यांना सांग आजी, हिरडी तुम्हीच चोळा, तुमच्यासारखी कोणालाच जमत नाही, फक्त आधी साबणाने हात धुवा आणि जुन्या सुती लुगड्याचा धुतलेला मऊ तुकडा गार पाण्यात पिळून बोटाला गुंडाळा. हिरडीला दाबून, सावकाश, दोन मिनिटं. बाळाला तेच बरं वाटत असतं, दाब आणि गारवा. आणि गंमत म्हणजे हेच बाळाचं पहिलं दात घासणं आहे, रोज आजींच्या बोटाची सवय लागली की दात आल्यावर ब्रश परका वाटत नाही. बाजारातलं हिरडी बधिर करणारं जेल पण नको, त्यातलं बेंझोकेन दोन वर्षांखालच्या बाळाला धोक्याचं असतं. आणि मध चाटवत असतील तर वर्षाच्या आत तोही नको. ताप १०१ च्या वर गेला किंवा जुलाब लागले तर दात येतायत म्हणून घरी बसायचं नाही, दातांनी तेवढा ताप येत नाही, डॉक्टरला दाखवायचं.

प्रश्न : बाळ ११ महिन्यांचं झालं, एकही दात नाही. कॅल्शियमचं औषध सुरू करू का? जावेच्या मुलाला तर आधी वरचे दात आले म्हणून मामाला जड जातात म्हणतात, माझा भाऊ घाबरलाय. : शहादा

उत्तर : कॅल्शियमच्या बाटलीने दात लवकर येत नाहीत, ते हिरडीत आधीच तयार असतात, यायची वेळ प्रत्येकाची वेगळी, तुझ्या किंवा मिस्टरांच्या वेळी उशिरा आले होते का घरी विचार. १८ महिन्यांपर्यंत एकही आला नाही तर दाखव, तसंही पहिल्या वाढदिवसाच्या आसपास एकदा दातांच्या डॉक्टरकडे नेऊन आणावंच. दात नसले तरी हिरडी रोज रात्री ओल्या फडक्याने पुसायची. आणि वरचे आधी आले काय खालचे आधी आले काय, भावाला सांग निवांत राहा आणि भाच्याला चांगला ब्रश घेऊन ये.

प्रश्न : माझी मुलगी २२ महिन्यांची आहे. वरच्या पुढच्या चार दातांवर आधी पांढरं दिसायचं, मी दुधाचं समजून पुसायचे, आता दोन दात तपकिरी झालेत आणि एकाची कड तुटलीय. खालचे दात एकदम छान आहेत. रात्री बाटलीत केळं-दूध-साखर फिरवून देते, घरचीच केळी आहेत, पौष्टिक म्हणून. दिवसा चहात बिस्किट बुडवून मागत राहते. आता ब्रश करून उपयोग आहे का? : सावदा

उत्तर : आहे, आणि आज रात्रीपासून आहे. तू जे वर्णन केलंस ते बाटलीच्या किडीचं अगदी ठरलेलं चित्र आहे, वरचे पुढचे दात आधी जातात आणि खालचे वाचतात, कारण बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर पसरलेली असते आणि खालची लाळ त्यांना धूत राहते, वरच्यांवर मात्र दूध साचून राहतं. केळ्याचा दोष नाही, रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून पोरांना केळी नाही द्यायची तर काय. दिवसा हातात सोलून दे, जेवणाबरोबर दे, काही होत नाही. फिरवून पातळ केलेलं, वरून साखर घातलेलं, बाटलीतून, झोपेत, हे सगळं एकत्र आलं तिथे बिघडलं. चहा-बिस्किटाचंही तेच, किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त लागतं. प्रत्येक वेळी गोड तोंडात गेलं की वीस-तीस मिनिटं तोंडात आम्ल राहतं, दिवसभरात दहा वेळा मागितलं आणि दहा वेळा दिलं की दाताला सावरायला वेळच उरत नाही. चहा बंदच कर, या वयात त्याने भूकही मरते. खाण्याच्या वेळा ठरव, मधल्या वेळेत फक्त पाणी.

बाटली एका रात्रीत तुटत नसेल तर साखर आधी बंद कर, मग केळं, मग दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत आठ-दहा दिवसांत नुसतं पाणी उरू दे. दूध दिवसा आणि संध्याकाळी पेल्याने पाज म्हणजे पोटात कमी जाणार नाही. तपकिरी दातांवरही ब्रश फिरवायचा, दाण्याएवढी फ्लोराईड पेस्ट लावून, दुखत असेल तर केस कोमट पाण्यात मऊ करून. तुझ्या किंवा आजीच्या दाढा किडलेल्या असतील तर त्याही भरून घ्या, आणि तिच्या चमच्यातला घास आधी चाखून द्यायचा नाही, चावून तर मुळीच नाही. किडीचे जंतू मोठ्यांच्या लाळेतून बाळाकडे जातात.

आणि या आठवड्यातच लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरला दाखव. जवळ नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात जा, किंवा अंगणवाडीत मुलांना तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते त्यांना दाखव, तेही पुढे पाठवतात. जे दात अजून नुसते पांढरे आहेत त्यांच्यावर फ्लोराईडचा लेप लावून बहुतेक वेळा सावरता येतं. तपकिरी खड्ड्यांवर चांदीचं एक औषध लावतात, सुई नाही मशीन नाही, मिनिटाचं काम, कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते पण दात काळा दिसायला लागतो. पाहुणे विचारतील पोरीचे दात काळे का म्हणून, विचारू दे, त्या काळ्या दाताने ती दुखल्याशिवाय जेवेल. एखादा दात वाचण्यापलीकडे असेल तर तेही ते तिथेच सांगतील.

जाताना तिची रात्रीची बाटली पिशवीत घालून ने. त्यात काय काय घालतेस, रात्रीतून किती वेळा देतेस, हे डॉक्टरला जसं आहे तसं सांग, रागावतील म्हणून कमी करून सांगू नकोस.